शामा, पाटाचा दोष नव्हता

शामा,

परवा तुझ्या तेराव्याचं जेवण उरकलं. बायका मागच्या दारी केळीची पानं गोळा करत होत्या आणि तुझी भाची उमा आपल्या नव्या सुनेला घरातल्या गेलेल्या माणसांची तमिळमध्ये ओळख करून देत होती. तुझी पाळी आली.

"शामा आत्या फार हुशार हो. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायची. पण घराकडे लक्ष नव्हतं तिचं. आजीचं मांडीचं हाड ऑपरेशन करून जोडलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली बसायचं नाही. तरी हिने आजीला दारात कोलमची रांगोळी घालायला पाट दिला. बसली आजी, आणि आतलं सगळं निसटलं. मग कधी नीट चाललीच नाही."

"अय्यो पावम," बिचाऱ्या आजीसाठी सून हळहळली.

त्या गोष्टीतला डॉक्टर मी. दोन हात अंतरावर बसून ताक पीत होतो. ताक संपवलं, हात धुतले आणि घरी आलो. काही बोललो नाही. उमा तेव्हा शाळेत होती, आता तिला सून आली, आणि ती गोष्ट अजून तशीच चालते आहे. आता ती पुढच्या पिढीत गेली. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ते सगळं तुला जसं ठाऊक होतं तसं मांडतो. चुकलो तर तू थांबवणार नाहीस, एवढाच फरक.

काकू, तुझी आई, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. हाड मोडलं ते मानेच्या बुडाशी. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा, त्याखाली आखूड मान, आणि मग खाली सरळ दांडा. मान जिथे दांड्याला मिळते, नेमकं तिथे. मी तेव्हा ऐन भरात होतो. पापनाशमपासून ओरत्तनाडुपर्यंतची माणसं माझ्याकडे यायची. काकूला दुसऱ्या कुणाकडे न्यायचा प्रश्नच नव्हता. माधवने, तुझ्या भावाने, मला नुसतं एवढंच म्हटलं, "तू आहेस ना रे."

मी तेव्हा सगळ्यांना घालत होतो तेच काकूला घातलं. एक जाड स्क्रू मानेतून थेट गोळ्यात, आणि त्याचं मागचं टोक दांड्याला बसवलेल्या पट्टीच्या नळीत. चालताना भार आला की स्क्रू नळीत मागे सरकतो आणि मोडलेली टोकं एकमेकांवर घट्ट बसतात. चांगली युक्ती आहे, मी आजही तिला चांगलीच म्हणतो. पण काकूच्या वेळी स्क्रू पिळत असताना गोळा माझ्या पान्याबरोबर थोडा फिरला. मला हाताला ते कळलं. मी तो पुन्हा जागेवर आणला, पट्टी बसवली, एक्स-रेचा फोटो काढला. फोटो सुरेख आला. गोळा फिरू नये म्हणून वरच्या अंगाला आणखी एक बारीक स्क्रू टाकता येतो. तो समोर ट्रेमध्ये होता. फोटो सुरेख आला म्हणून मी टाकला नाही.

घरी सोडताना मी सांगितलं, "काकू, खाली बसायचं नाही." आपल्या घरात जेवण खाली, निजणं खाली, भाजी चिरणं खाली. तरी काकूने शब्द पाळला. फक्त तिच्या हिशेबात पाट म्हणजे खाली नव्हे. खाली म्हणजे जमीन. पाटावर बसून कोलम घालायला डॉक्टरांची मनाई नाही, असं तिने ठरवलं. आणि मार्गळीचा, धनुर्मासाचा महिना, दारात मोठा कोलम हवाच. तिने पाट मागितला आणि तू दिलास. आपल्यापैकी कुणीही दिला असता. मी तिथे असतो तर मीही दिला असता.

आठवड्याभराने फोटो काढला तर गोळा फिरून स्क्रू त्यातून वर सरकलेला. मी फोटो उजेडाकडे धरला होता. माधव, तू, सगळे समोर उभे. मी विचारलं, "खाली बसली होती का?" तू खरं बोललीस. "पाटावर." मी म्हणालो, "झालं तर मग."

बस, इतकंच. मी तुझ्यावर आरोप केला नाही. मी फक्त "झालं तर मग" म्हणालो आणि बाकीचं काम घराने केलं. मशीन शिकवणारी बाई, सकाळी सातच्या बसने जाणारी, लग्न न केलेली. तुझ्याबद्दल असं काही तरी कळायची सगळे वाटच बघत होते. माधवने तुझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण त्या दिवसापासून तो तुला आईच्या औषधाच्या वेळा विचारायचा, जणू तू विसरणारच. काकूने दुसरं ऑपरेशन करून घ्यायला साफ नकार दिला. वॉकर धरून खोलीतून पुढच्या दारापर्यंत, एवढंच तिचं जग उरलं.

त्याच वर्षांत बाहेरचा माल मोकळेपणाने येऊ लागला होता, आठवतं? घरोघरी रंगीत टीव्ही, दुकानात परदेशी साबण, आणि माझ्या दवाखान्यात टाय लावलेली पोरं चकचकीत पेट्या घेऊन. "सर, प्लेटचा जमाना गेला. आता सळईसारखा नेल. हाडाच्या पोकळीतून घालायचा, बाहेर काही नाही." मला राग यायचा. जे मी हाताने शिकलो ते एकाएकी जुनं कसं झालं? राज्याच्या परिषदेत एक पेपर वाचावा, आपली पट्टी त्या नेलपेक्षा कमी नाही हे आकड्यांनी दाखवावं, असं माझ्या मनात आलं. हाडं वैद्यकीय कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागातून रीतसर मिळणार होती. दाबून बघायचं यंत्र तुझ्या प्रयोगशाळेत होतं. मी तुला विचारलं तेव्हा तू इतकी पटकन हो म्हणालीस की मी चकित झालो. तुला पेपर हवा असेल असं मला वाटलं. तुला काय हवं होतं ते कळायला मला फार वेळ लागला.

सुट्टीचे दिवस, कॉलेज रिकामं, वर पंखा गरम वारा फेकतोय. तू पदर खोचून यंत्राच्या उंचीला स्टूल लावलेलं. मी हाडं ठरल्या रेषेवर कापून, जोडून आणायचो. काही नुसत्या पट्टीने, काही पट्टी आणि वरचा जादा स्क्रू घालून, काही नेलने. पहिल्या फेरीत यंत्राने वरून सरळ दाब दिला. पट्टी छान टिकली. नेलही टिकला. फरक नाहीच म्हणावा इतका. मी खुशीत होतो.

"झालं की गं काम."

"कसलं झालं? माणूस काय देवळाचा खांब आहे, नुसता वरून दाबायला?"

"बाहेर सगळे असंच करतात, शामा. त्यांचे पेपर वाच."

"त्यांची माणसं खुर्चीवरून उठतात. आपली चटईवरून. उठताना पाय कसा वळतो ते तू कधी बघितलंस, अण्णा? तू नुसता एक्स-रे बघतोस. एक्स-रे कधी उठून बसत नाही."

मग तू मला सांगितलंस की तू गेले कित्येक दिवस काकूला पलंगावरून उठताना बघते आहेस. ती आधी टाच टेकवते, मग गुडघा बाहेर काढते, मग सगळं अंग त्या पायावर पिळत उभी राहते. भार वरून येतो तसा फिरूनही येतो. तू कॉलेजच्या लेथवर एक लोखंडी बाहू बनवून घेतलास. तो हाडाचा गोळा दाबायचा आणि त्याच वेळी थोडा पिळायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा पिळायचा. दाबाचा आकडाही तू ठरवलास. मी म्हटलं, उकिडवं बसताना जेवढा येतो तेवढा ठेवू. तू नाही म्हणालीस. "आधी पलंगावरून उठण्याएवढाच. खाली बसण्याचा नंतर."

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

तू उमाची नखं रंगवायची बाटली पळवून आणली होतीस. कापाच्या आरपार तू लाल रेघ ओढलीस, अर्धी गोळ्याच्या बाजूला, अर्धी मानेवर. गोळा फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. यंत्र चालू झालं. आपण दोघं वाकून रेघेकडे बघत होतो. पहिलं हाड नुसत्या पट्टीचं, अगदी काकूला घातली होती तशी. थोडा वेळ काही झालं नाही. मग रेघेचा वरचा तुकडा केसभर सरकला. मग आणखी. मी काही तरी बोलायला लागलो, की हे हाड जुनं असेल, पोकळ असेल. तू दुसरं लावलंस. तेही सरकलं. तिसरंही. जादा स्क्रू घातलेल्या हाडांवर रेघ अखंड राहिली. आणि त्या चकचकीत नेलचंही या मोडीत फार काही चाललं नाही. त्यातही गोळ्यात जाणारा स्क्रू एकच होता, गोळा त्याच्याभोवतीही फिरलाच, फक्त उशिरा.

तू यंत्र बंद केलंस. फ्लास्कमधली फिल्टरची कापी दोन टोपणांत ओतलीस, एक माझ्यापुढे सरकवलंस आणि म्हणालीस, "पाट निर्दोष सुटला."

मी हसलो. तू हसली नाहीस.

"खाली बसण्याचा दाब अजून लावलाच नाही आपण, अण्णा. ही नुसती पलंगावरून उठली, आणि फिरली. आईला मी कडेवर घेऊन फिरवली असती तरी हे होणार होतं. होय की नाही?"

"होय."

"ऑपरेशनच्या वेळी तुला काही कळलं होतं?"

तू कुणाला असा प्रश्न विचारलास की त्याला दुसरीकडे बघता यायचं नाही. मी सांगितलं, गोळा पान्याबरोबर फिरला होता. जगात हे मी फक्त तुला सांगितलं. तू बराच वेळ टोपण हातात फिरवत राहिलीस. ओरडशील असं वाटलं. तू म्हणालीस, "यापुढे प्रत्येकाला दुसरा स्क्रू टाक. आणि पेपरात आईचं काही नको. पण घरात सांग. माधवला सांग."

"सांगतो."

परिषदेत मी पेपर वाचला. लोकांनी उठून विचारलं, पिळून बघायची कल्पना कुणाची. मी म्हणालो, "आमची." ती आमची नव्हती. तुझी होती, एकटीची. हेही आज सांगून टाकतो.

माधवला मात्र मी सांगितलं नाही. तू दोनदा आठवण केलीस. एकदा गल्लीच्या तोंडाशी, एकदा त्याच्याच घरी, तो आत कापी सांगायला गेला होता तेव्हा. नंतर तू आठवण करणं सोडलंस. मला वाटलं, तू विसरलीस. आपल्याला सोयीचं ते आपल्याला वाटतं. मी भ्यालो होतो, शामा. काकूच्या पायाचं कळलं असतं तर पापनाशमची, ओरत्तनाडुची माणसं येईनाशी झाली असती, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण त्याहून लहान होतं. "तू आहेस ना रे" असं म्हणणाऱ्या माणसाकडे बघून मला ते बोलता येत नव्हतं.

काकू शेवटच्या दुखण्यात असताना मी रोज बघायला यायचो. एकदा तू कॉलेजात होतीस. तिने मला जवळ बोलावलं. "शामीला काही बोलू नका रे कुणी. पाट मीच मागितला. माझंच मेलं कर्म." मी म्हणालो, "बरं, काकू." एका वाक्यात मी तुम्हा दोघींनाही मोकळं करू शकलो असतो. मी बरं म्हणालो.

तू काकूला सांगितलं होतंस का, हे मला कधी कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. आता ते राहिलंच.

पण शामा, मी हे पान नुसतं स्वतःला बोल लावायला लिहीत नाही. तू ते वाचलं असतंस तर कंटाळून बाजूला ठेवलं असतंस. "बरं, पुढे?" म्हणाली असतीस. पुढचं हे.

त्या दिवसापासून मानेच्या बुडाशी मोडलेल्या एकाही माणसाला मी नुसत्या एका स्क्रूवर घरी पाठवलं नाही. तिरुवैयारुचे एक संगीत शिकवणारे म्हातारे होते. मांडी घातल्याशिवाय त्यांना सूरच लागायचा नाही. वर्षभराने ते मला दाखवायला आले. तपासणीच्या टेबलावर चढून मांडी घातली आणि तिथेच आलापी सुरू केली. बाहेरचे रोगी दारात जमले. पापनाशमची एक बाई लावणीच्या दिवसांत शेतात उभी राहून मला दुरून हात करायची. मी तिला ओळखायचो नाही, तिची चाल ओळखायचो. त्यांना वाटतं, डॉक्टरांनी पाय दिला. तो पाय तू दिलास. मी फक्त दुसरा स्क्रू पिळला. माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत, तीही तेच करतात, आणि का करतात विचारलं तर सांगतात, सरांची शिस्त.

आणि रुग्णाला काय विचारायचं हेही तू शिकवलंस. आधी मी विचारायचो, दुखतं कुठे. मग विचारू लागलो, सकाळी उठून पहिलं काय करता, कशावर बसता, पाय आधी कुठला टाकता. बायका लाजायच्या, मग सांगत सुटायच्या. "पाटावर बसलं तर चालेल का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी पाटाची उंची विचारायचो.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. हाड मानेच्या खाली मोडलं आणि आतली भिंतच चुरली तर काय? तू म्हणायचीस, तिथे नेलच. पट्टी बाहेरच्या अंगाला असते, भाराच्या रेषेपासून लांब, तिच्यावर वाकवणारा जोर जास्त. नेल मधे असतो. "छत्रीचा दांडा मधे का असतो, अण्णा? कडेला का नसतो?" मी म्हणायचो, ही फॅशन आहे, टाय लावलेल्या पोरांची. वर्षानुवर्षं आपण दर दिवाळीला यावर भांडलो आणि माधव वैतागून म्हणायचा, "फराळाला तरी हाडं बाजूला ठेवा." तसल्या मोडींना मी शेवटची काही वर्षं नेलच घालत होतो. तुला सांगितलं नाही. तू जिंकली होतीस. तेवढाही आनंद मी तुला दिला नाही, बघ.

काकू वॉकरवर आल्यानंतरच्या सकाळी मला फार आठवतात. ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि तू कॉलेजला जायच्या आधी वाकून कोलम घालायचीस. "ठिपका सुटला, शामी." "नाही सुटला, आई." "डावीकडे बघ." "ती तुझी डावी, माझी उजवी." रस्त्यावरची माणसं हसत जायची. मी फाटकाशी उभा राहून बघायचो. ज्या बाईच्या पायाचा दोष तुझ्या माथी होता, तिचं तू इतकी वर्षं न चिडता ऐकून घेतलंस. माझ्यावरही चिडली नाहीस. प्रत्येक दिवाळीला मला नेलवरून तेवढ्याच जोरात भांडायला बोलावलंस. माणसाशी नातं ठेवायचं असेल तरच त्याच्याशी भांडतात, हे मला तेव्हा समजलं नाही. आज समजतं, आणि त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

इथवर लिहिलं आणि थांबलो. पुण्याच्या एका दिवाळी अंकाला हे द्यावं असं मनात होतं. मग वाटलं, मी हे देवनागरीत लिहितोय. आपल्या घरात देवनागरी वाचणारी तू आणि मी, दोघंच. काकांनी, तुझ्या वडिलांनी, ओट्यावर बसवून आपल्याला शिकवली तेवढीच. माधव कंटाळून पळून जायचा. उमाला बोललेलं कळतं, वाचता येत नाही. तिच्या सुनेला तर आपली मराठीच येत नाही. म्हणजे पुण्याची माणसं वाचतील आणि मेलवीधी रस्त्यावरच्या आपल्या घरात कुणालाच कळणार नाही. मी पुन्हा तेच करत होतो.

म्हणून काल गेलो. माधव झोपाळ्यावर होता. कान गेलेत त्याचे, तुला ठाऊक आहे. मी उमाला आणि तिच्या सुनेला बाहेर बोलावलं आणि तमिळमध्ये सगळं सांगितलं. पान्याबरोबर फिरलेला गोळा, ट्रेमध्ये राहिलेला स्क्रू, लाल रेघ, "पाट निर्दोष सुटला." मधेच सुनेने पाणी आणून दिलं.

माधवने कानामागे धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाला, "मला का सांगतोस आता? तिला सांगायचं होतं."

"तिला ठाऊक होतं, माधू. सगळ्यांच्या आधी."

"ठाऊक होतं?" तो झोपाळा थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "आणि मी तिला गोळ्यांच्या वेळा विचारत होतो."

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याने मला उठवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "धाकटी मंडळी आत आहेत. त्यांना बोलव. पुन्हा सांग. मोठ्याने सांग, मला अर्धं ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सांगितलं. स्वयंपाकघरातून सगळे आले, दारात उभे राहून ऐकलं. या वेळी ते लवकर संपलं. सांगायचं मुळात फार थोडं होतं.

आज सकाळी माधवला बघायला गेलो तेव्हा उमा अमेरिकेतल्या मुलाशी फोनवर बोलत होती. "नाही रे, पाटाचा काही संबंध नव्हता. आत्याने मशीन लावून सिद्ध केलं होतं. दुसरा बोल्ट टाकायला हवा होता, तो अण्णाकाकांनी टाकला नाही. तेच सांगून गेले काल."

बोल्ट नव्हे, स्क्रू. तू असतीस तर फोन तिच्या हातातून घेऊन दुरुस्त केलं असतंस. मी काही बोललो नाही, शामा. बाकी सगळं तिने बरोबर सांगितलं.